सायंकाळी न लागणारे कुलूप

वर्षे उलटली, गणवेश कपाटात गेला, तरी ते प्रकरण मनातून गेलेले नाही. चोरी एका लॅपटॉपची होती. वर्तमानपत्राने तिला चार ओळींपेक्षा अधिक जागा दिली नाही आणि ते योग्यच होते. सेवेत मी याहून कितीतरी गंभीर गुन्ह्यांचा तपास केला. तरीही कोणत्या तपासाचे समाधान वाटते, असे कोणी विचारले की मला प्रथम हेच प्रकरण सुचते. केस डायरीपलीकडे लिहिण्याचा मला सराव नाही. म्हणून जे घडले ते घडले त्याच क्रमाने सांगतो. नावे कोणाचीच देत नाही.

त्या काळी मी भोपाळमधील एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या हद्दीत एका सरकारी कारखान्याची वसाहत होती. तीन मजली इमारती, मध्ये मोकळी मैदाने, ठरलेल्या वेळी वाजणारा भोंगा आणि ठरलेल्या वेळी येणारे पाणी. सायंकाळचे पाणी साडेपाचला येई आणि सातला जाई. कारखान्यातून सुटणारी माणसेही त्याच सुमारास घरी पोचत. रात्रपाळी केलेले लोक दिवसा झोपत. त्यामुळे इमारतींच्या आवारात हॉर्न वाजवायचा नाही, हा तेथील अलिखित नियम होता आणि तो सगळे मनापासून पाळत. मी मूळचा ग्वाल्हेरचा. अशी शिस्त मला परकी होती, पण आवडत असे.

एका बुधवारी रात्री साडेआठच्या सुमारास वसाहतीतील एक वरिष्ठ अभियंता ठाण्यात आले. मूळचे पुण्याचे. बोलणे नेमके, आवाज किंचित चढलेला. सायंकाळी पावणेसहाला त्यांनी गाडी इमारतीसमोर लावली. हातात भाजीच्या दोन पिशव्या होत्या, म्हणून लॅपटॉपची बॅग मागच्या सीटवर राहिली. आठ वाजता ती आणायला खाली उतरले, तर बॅग नव्हती. काच शाबूत, कुलूप शाबूत. लॅपटॉप कारखान्याचा होता आणि त्यात कामाचे नकाशे होते. त्यामुळे कारखान्यात त्यांच्यावरही चौकशी येणार होती.

"गाडी लॉक केली होती?" मी विचारले.

"अर्थात! चावीविना उघडणारी गाडी आहे ती. रिमोट खिशात असला की हात लावताच दार उघडतं, नसला की उघडत नाही. चोराकडे माझ्या गाडीची चावी आहे, एवढं तरी तुम्ही लिहून घ्या."

मी तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी सकाळी वसाहतीच्या सुरक्षा विभागातील एक जमादार आपण होऊन ठाण्यात आला. मार्केटमधल्या कार-इलेक्ट्रिशियनला त्याने दोन दिवसांपूर्वी सायंकाळी त्याच गाडीपाशी पाहिले होते. "हाथ में रिमोट जैसा कुछ था, साहब। इधर-उधर देख रहा था।"

त्या इलेक्ट्रिशियनला सारी वसाहत 'काका' म्हणे. वय पंचावन्नच्या पुढे, उज्जैनच्या मराठी कुटुंबातले, वसाहतीच्या मार्केटमध्ये एका गाळ्यात दुकान. मी त्यांना बोलावून घेतले. ते आले आणि माझ्या टेबलासमोरच्या बाकावर अगदी कडेला बसले.

"त्या गाडीची दुसरी चावी तुम्ही जुळवून दिलीत?"

"हो साहेब. महिना झाला."

"लॉक होताना गाडी जो आवाज करते, तोही तुम्हीच बंद केला?"

"केला. साहेबांनीच सांगितलं होतं. समोर रात्रपाळीचे फोरमन राहतात, त्यांची झोपमोड होते म्हणून. त्या लाइनीत मी अकरा गाड्यांचा आवाज बंद करून दिला आहे."

"आणि दोन दिवसांपूर्वी सायंकाळी तुम्ही तिथे होतात."

"होतो. साहेबांच्या घरून वहिनींचा फोन आला, गाडी चालू होत नाही, चावी सापडत नाही असं दाखवते म्हणाल्या. मी पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. बटण दाबलं, गाडी चालू. काही गड़बड़च नाही. मी पण चाट पडलो."

तीनही उत्तरे त्यांनी न अडखळता दिली, आणि तीनही त्यांच्या विरुद्ध जात होती. चावी बनवणारे तेच, आवाज बंद करणारे तेच, जागेवर दिसलेलेही तेच. मी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, त्या घटकेला माझा कल त्यांना अटक करण्याकडे होता. वरूनही फोन आला होता. अभियंत्यांच्या ओळखी वरपर्यंत होत्या.

आमचे हवालदार दाराशी उभे होते. ते सागर जिल्ह्याकडचे, तोंडाने मोकळे. "सर, अपनी जीप का सेल्फ भी इन्हीं ने ठीक किया है। चोर होते तो जीप ही ले जाते।"

"जीप कोण नेणार?" मी म्हणालो.

"ये बात भी सही है, सर। उसको तो चोर भी धक्का मारकर ले जाएगा।"

काका हसले नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून म्हणाले, "साहेब, मला आत टाकायचं तर टाका. पण त्याआधी एकदा ती गाडी बघू द्या. माझा सगळा धंदा चाव्यांवर आहे. लोक सकाळी चावी माझ्या हातात देऊन फॅक्टरीत जातात, संध्याकाळी गाडी घेऊन जातात. पावती नाही, काही नाही. एकदा माझं नाव चोर म्हणून लागलं, की इथे मला चावी कोण देईल? जमानत मिळेल हो. चावी नाही मिळणार."

चौकशीत माणसे अनेक गोष्टींची शपथ घेतात. मुलांची घेतात, देवाची घेतात. काकांनी कशाचीच शपथ घेतली नाही; फक्त गाडी मागितली. ही गोष्ट मला खटकली, चांगल्या अर्थाने खटकली. मी होकार दिला.

वसाहतीत बरेच जण दुपारच्या जेवणाला घरी येत. आम्ही त्या वेळी गेलो. अभियंत्यांनी रिमोटचे बटण दाबले, गाडी लॉक झाली. उघडली. पुन्हा दाबले, पुन्हा लॉक. दहा वेळा दाबले, दहाही वेळा गाडी निमूट बंद झाली.

"झालं समाधान?" अभियंते मला म्हणाले. "गाडी व्यवस्थित आहे. माणूस व्यवस्थित नाही."

काकांचा चेहरा उतरला. परत ठाण्यात आल्यावर ते पुन्हा त्याच बाकावर बसले. मग एकदम म्हणाले, "साहेब, दुकानातून माझी वही मागवता का? निळ्या पुठ्ठ्याची. गल्ल्यावर आहे."

हवालदार वही घेऊन आले. आलेली प्रत्येक गाडी, मालकाची तक्रार, तक्रार कोणत्या वेळेची, आणि काय तपासले, इतके सारे त्यात बारीक अक्षरात लिहिलेले होते. आमच्या रोजनाम्यात इतकी शिस्त असती तर वरिष्ठांनी मला कधीच बोल लावला नसता.

काका बोट ठेवून दाखवू लागले. "ही बघा. ही, आणि ही. तीन आठवड्यांत चार गाड्या. चार वेगळ्या कंपन्यांच्या, रोग एकच. चावी सापडत नाही, नाहीतर सकाळी बॅटरी उतरलेली. चारही एकाच इमारतीच्या. चावी न सापडण्याची तक्रार नेहमी साडेपाच ते सातमधली. आणि दुकानात आणली, की गाडी एकदम ठीक."

"मग हे तुमच्या आधी का लक्षात आलं नाही?"

"मी गाडीतच शोधत बसलो, साहेब. रिले बदलले, अर्थिंगच्या वायरी साफ केल्या, चावीतले सेल बदलले. गाडी सोडून बाहेर बघावं, हे डोक्यातच आलं नाही. आज तुमच्या या बाकावर बसून आलं. तुम्ही दुपारी नेलंत. त्या वेळी नाही, साहेब. ज्या वेळी चोरी झाली, त्या वेळी न्या."

इतकी वर्षे मी घटनास्थळाचे पंचनामे केले होते. घटनास्थळ जसे असते तशी घटनेची वेळही असते, हे मला एका इलेक्ट्रिशियनने सांगावे लागले. मी वरिष्ठांना फोन करून सायंकाळपर्यंतची मुदत मागितली. ती मिळाली, पण स्वर थंड होता. रोजनाम्यात मी नोंद केली की, संशयितास अटक केलेली नाही, तपासकामी सोबत घेतले आहे.

पावणेसहाला आम्ही इमारतीसमोर होतो. अभियंत्यांनी गाडी नेहमीच्या जागी लावली आणि नेहमीप्रमाणे, पाठ वळवून जिन्याकडे चालता चालता, खांद्यामागे हात करून बटण दाबले. आवाज नाही. तो तर बंदच केलेला होता. काकांनी त्यांच्याकडून रिमोट घेऊन हवालदारांकडे दिला आणि त्यांना पार कोपऱ्यावर उभे केले. रिमोट जवळ असता तर दार हात लावताच उघडले असते आणि काहीच सिद्ध झाले नसते.

"आता तुम्ही ओढा, साहेब."

मी हँडल ओढले. दार उघडले.

अभियंते जागीच थांबले. "असं कसं? मी लॉक केली आत्ता!"

"बटण दाबलंत," काका म्हणाले. "लॉक झाली की नाही, ते कुठे बघितलंत? सकाळी चावी खिशात असते, हात लावला की दार उघडतं. रात्रभर उघडीच होती, हे तुम्हाला कळणार कसं? रात्रभर उघडी राहिली की गाडीतलं काहीबाही जागं राहतं. म्हणून बॅटरी उतरते."

मग त्यांनी रिमोट मागवला, तो थेट स्टार्टच्या बटणाला टेकवून, म्हणजे गाडीला ओळखावाच लागेल इतका जवळ नेऊन, गाडी चालू केली आणि ऐंशी-नव्वद पावलांवर बागेच्या कुंपणापाशी नेली. तेथे गाडी पहिल्याच दाबाला लॉक झाली. परत इमारतीसमोर आणली. पुन्हा नाही.

"दोष गाडीत नाही," काका म्हणाले. "जागेत आहे."

त्यांनी खिशातून काडेपेटीएवढे एक यंत्र काढले. रिमोट चालतो की नाही ते तपासण्याचे. रिमोटने संदेश सोडला की त्यावर लाल दिवा लागतो. जमादाराने पाहिलेले 'रिमोट जैसा कुछ' ते हेच. काकांनी ते तळहातावर धरले आणि माझ्यापुढे केले.

"दाबा बटण," मी म्हणालो.

"मी अजून दाबलंच नाही, साहेब. दिवा आधीच लागला आहे."

इथे कोणीतरी आणखी बोलत होते. कुठलेतरी यंत्र हवेत सतत संदेश सोडत होते आणि त्या गोंगाटात रिमोटचा आवाज गाडीला ऐकू जात नव्हता. कुंपणापाशी दिवा विझे, जिन्याकडे आले की स्थिर होई. आम्ही जिन्यात उभे राहून कोणाच्या घरी काय असेल याचा अंदाज बांधत होतो. तेवढ्यात कोणी काहीही न करता दिवा विझला. आणि त्याच क्षणी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून वहिनींचा, म्हणजे अभियंत्यांच्या पत्नींचा आवाज आला, "अहो, पाणी गेलं! तुम्ही अजून खालीच का?"

मी घड्याळ पाहिले. सात वाजले होते.

काकांनी माझ्याकडे पाहिले, मी अभियंत्यांकडे. त्यांनी जिन्यातून वर पाहिले. मग हळूच म्हणाले, "टाकीवर माझं एक यंत्र आहे."

गच्चीवर टाकीच्या नळाशी प्लास्टिकचा एक डबा बांधलेला होता. पाणी येऊ लागले की त्यातून संदेश सुटे आणि स्वयंपाकघरात बझर वाजे. त्यांनी ते तीन आठवड्यांपूर्वी सुट्टीच्या दिवशी स्वतः बनवले होते. पाणी वाहत असेपर्यंत ते अखंड संदेश सोडत राही.

आमच्यामागून वहिनीही वर आल्या होत्या. सारे ऐकून म्हणाल्या, "नळाखाली पातेलं ठेवलं की पाणी आल्याचा आवाज येतोच, हे मी यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

हवालदारांनी तोंड फिरवले. अभियंत्यांनी स्वतःच्या हाताने वायर काढली.

कुलूप का लागत नव्हते ते कळले. बॅग कोणी नेली ते अजून कळले नव्हते. पण आता प्रश्न बदलला होता. किल्ली कोणाकडे होती, हे शोधण्याचे कारण उरले नव्हते. गाड्या उघड्या राहतात, हे कोणाला ठाऊक होते, एवढेच शोधायचे होते.

वसाहतीचा सुरक्षारक्षक रोज सायंकाळी सहा वाजता फेरी मारी. प्रत्येक उभ्या गाडीचे हँडल ओढून पाहणे आणि उघडी सापडल्यास मालकाला कळवून नोंदवहीत लिहिणे, हे त्याचे ठरलेले काम. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती नोंदवही मागवली. तीन आठवड्यांपूर्वीच्या दोन सायंकाळी त्या इमारतीसमोरच्या गाड्या उघड्या सापडल्याची स्वच्छ नोंद होती. त्यानंतर रोज एकच वाक्य होते: सर्व वाहने बंद. आदल्या सायंकाळी तर तेथे गाडी बंद होत नव्हती, हे मी स्वतः पाहिले होते. अक्षर सगळीकडे एकाच माणसाचे होते, आणि तो माणूस म्हणजे आपण होऊन खबर द्यायला आलेला जमादार.

खोटी खबर देणारा माणूस सहसा निम्मी खबर खरी देतो. त्यानेही तेच केले होते. मी त्याला समोर बसवले, आवाज चढवला नाही. फक्त नोंदवहीची ती दोन पाने उघडून ठेवली आणि विचारले, "ये दो दिन खुली थीं। तीसरे दिन अपने आप बंद होने लगीं क्या?"

त्याने पहिल्या नोंदीवर बोट ठेवले. मग एकदम बोलला आणि त्याच्या बोलण्यात चोरीपेक्षा रागच अधिक होता. "बताया था, साहब। पहले दिन इंजीनियर साहब को ऊपर जाकर बताया, गाड़ी खुली है। बोले, रिमोट से लॉक करता हूँ, अब तू मुझे सिखाएगा? दूसरे दिन दूसरे साहब ने भी यही सुनाया। फिर मैंने बताना छोड़ दिया।"

"और उठाना शुरू किया।"

त्याने मेहुण्याचा पत्ता सांगितला. नेहरू नगरमध्ये त्याच्या मेहुण्याच्या घरून आम्ही पंचांसमक्ष लॅपटॉप जप्त केला. बरोबर एक कॅमेराही मिळाला. ज्याचा कॅमेरा होता, तो गृहस्थ आपण कुठेतरी विसरलो अशा समजुतीत होता.

पुढे न्यायालयात काका सरकारी साक्षीदार म्हणून उभे राहिले. बचाव पक्षाच्या वकिलांनी त्यांचे शिक्षण विचारले. दहावी, असे ऐकल्यावर ते म्हणाले, "मग इंजिनियर साहेबांना जे उमगलं नाही, ते तुम्हाला कसं उमगलं?"

"साहेब बटण दाबून पुढे जातात," काका म्हणाले. "मी मागे थांबून बघतो."

परंतु साक्षीच्या कितीतरी आधी, चोरी उघड झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशीची गोष्ट मला सांगायची आहे. काकांना ठाण्यात बोलावल्याचे वसाहतीत सर्वांना कळले होते. ते निर्दोष आहेत हे कळायला वेळ लागणार होता. अफवा जिन्यांवरून धावत उतरतात, खुलासा मात्र दार वाजवत घरोघर फिरतो. त्या सकाळी मी गणवेशातच ठाण्याची जीप घेऊन मार्केटमध्ये गेलो. लोक दूध आणि पाव घेण्यासाठी आले होते. काकांच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसून मी चहा मागवला आणि अर्धा तास बसलो. मला असे चारचौघांत बसणे जमत नाही. पण बसलो. येणारे-जाणारे थबकत, पाहत, नमस्कार करत. मी प्रत्येकाला एकच सांगत होतो: चोर यांनी पकडून दिला.

थोड्या वेळाने अभियंते आपली गाडी घेऊन आले. उतरून सरळ काकांपुढे गेले आणि चावी पुढे केली.

"साहेब, गाडीत आता काही बिघाड नाही," काका म्हणाले.

"माहीत आहे मला," अभियंते म्हणाले. त्यांचा नेहमीचा नेमका आवाज थोडा चाचरला. "तरी ठेवून घ्या. फॅक्टरीतून येताना नेईन. आणि तो आवाज तेवढा परत चालू करून द्या. फोरमन साहेबांशी मी बोललो आहे."

काकांनी चावी घेतली, वही उघडली आणि तारीख घातली.

तपास म्हणजे गुन्हेगारापर्यंत पोचणे, असे मी प्रशिक्षणात शिकलो होतो. त्या प्रकरणाने मला हेही शिकवले की, ज्याच्याकडे सगळी बोटे वळली आहेत त्याला त्याच्या कामातले काय ठाऊक आहे, हे शांतपणे विचारावे. आणि कोणतीही गोष्ट ज्या वेळी बिघडते, त्याच वेळी जाऊन पाहावी. आज एक गोष्ट प्रथमच सांगतो. त्या दुपारी, गाडी दहा वेळा लॉक झाल्यानंतर, काकांच्या अटकेचा कागद भरून माझ्या टेबलावर आला होता. सहीपुरती जागा तेवढी मोकळी होती आणि पेन माझ्या हातात होते. सेवेत मी हजारो कागदांवर सह्या केल्या. न केलेल्या त्या एका सहीचा मला आजही अभिमान वाटतो.